लगबगीची धांदल कधी होते?

नवरात्र संपलं की आमच्या जिन्यात भाजणीचा खमंग वास यायला लागतो. त्याच सुमाराला वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'सणासुदीचा ताण कसा टाळाल' छापाचे लेख येतात. मुद्दे ठरलेले असतात: पुरेशी झोप घ्या, भरपूर पाणी प्या, स्वतःसाठी वेळ काढा. मग त्याच पुरवणीवर चकल्या पाडल्या जातात.

सल्ल्यात चूक काही नाही. पण रात्री साडेअकराला दिवा मालवल्यावर जिला आठवतं, की धाकट्याचा उद्या चित्रकलेचा पेपर आहे आणि रंगपेटीतला निळा संपलाय, तिनं स्वतःसाठी वेळ काढायचा म्हणजे कुठून काढायचा? त्यापेक्षा ताण नावाची ही भानगड शरीरात कुठे सुरू होते आणि कशानं थांबते, एवढं आधी समजून घेऊ.

आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, लगबग आणि धांदल. लग्नघरात लगबग असते, पहाटे उटणं लावायच्या वेळी लगबग असते. तीत घाई आहे, पण कुणी वैतागलेलं नाही. धांदलीत किल्ल्या सापडत नाहीत, दूध उतू जातं आणि मुलं उगाच ओरडा खातात. कामं दोन्हीकडे तेवढीच असतात. मग लगबगीची धांदल नेमकी कधी होते?

दिवाळी हरतालिकेला सुरू होते

दिवाळी वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत, असं कॅलेंडर म्हणतं. प्रत्यक्षात ती फार आधी सुरू होते. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. गणेश चतुर्थी ते भाऊबीज हे अंतर साधारण ५७ दिवसांचं. म्हणजे बहिणीकडे जायचं तिकीट हरतालिकेच्या आसपास काढायला हवं. तेव्हा घरात मखर चिकटवणं चालू असतं.

मधल्या दोन महिन्यांत सहामाही परीक्षा येते, कंपन्यांची सहामाही येते, आणि ज्यांचा हिशेबाशी संबंध आहे त्यांच्या ३० सप्टेंबर नि ३१ ऑक्टोबर या करांच्या तारखा येतात. माळे उतरवायचे असतात. परदेशातल्या मुलाला फराळ पाठवायचा तर तो दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी डब्यात बंद व्हायला हवा. बचत गटातून चकली-चिवड्याच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायकांसाठी तर हा वर्षातला कमाईचा मोसम. त्या घरचा फराळ बहुधा सगळ्यात शेवटी करतात.

यातलं एकेक काम काही अवघड नाही. ती एकमेकांवर येऊन पडतात, हीच खरी अडचण आहे.

गच्चीवरची टाकी

शरीरात काय होतं ते सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून पटकन कळतं.

धोका दिसला की मेंदू मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींना हुकूम सोडतो. काही सेकंदांत ॲड्रेनलिन सुटतं. छाती धडधडते, हातपाय तयार होतात, पचन बाजूला पडतं. लढा किंवा पळा, अशी ही तयारी. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञानं तिचं वर्णन १९१५ मध्ये केलं. त्यापाठोपाठ, काही मिनिटांत, दुसरं रसायन येतं, कॉर्टिसॉल. ते रक्तात साखर सोडून जास्त वेळ टिकणारं इंधन पुरवतं. कॉर्टिसॉल म्हणजे वाईटच, असा आजकाल समज झालाय, पण सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते आपोआप वाढतं, आणि दिवसाच्या कामाला लागण्यात त्याचाही हात असतो.

टाकीचा पंप कसा बंद होतो? पाणी वर चढतं, तरंगता गोळा उचलला जातो, पंप थांबतो. म्हणजे पाणीच पंपाला थांबवतं. कॉर्टिसॉलचंही तसंच आहे. ते पुरेसं झालं की तेच मेंदूला कळवतं, 'बास आता'. कुत्रा भुंकत मागे लागला आणि गल्लीच्या टोकाला थांबला, की थोड्या वेळानं आपण पूर्ववत होतो ते यामुळे.

आता समजा, तिसऱ्या मजल्यावरचं कुणी दर दहा मिनिटांनी वॉचमनला फोन करतंय, 'पाणी जाणार म्हणे आज, पंप लावा.' टाकी भरलेली असली तरी बिचारा बटण दाबणार. माणसाच्या डोक्यात हा फोन करणारा कायम बसलेला असतो. कुत्र्याची गरज नाही, 'पाहुण्यांच्या चादरी धुवायच्या राहिल्या' एवढा विचारसुद्धा पंप चालू करायला पुरतो. आणि चादरी काही भुंकून निघून जात नाहीत.

पंप आठवडेच्या आठवडे असा चालला तर झीज होते. ब्रूस मॅकइवन आणि इलियट स्टेलर या दोन शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये या झिजेची कल्पना मांडली. जी व्यवस्था आपल्याला वाचवते, तीच सतत चालू राहिली की रक्तदाब, झोप, साखर या सगळ्यांवर त्याचा भार पडतो.

तेव्हा ताण 'टाळायचा' नसतोच. तो बंद होऊ द्यायचा असतो.

पण ताणाशिवाय कामं होतात का?

नाही होत. ही शंका रास्त आहे.

चकलीच्या पिठात कडकडीत मोहन घालतात. कमी पडलं तर चकली दाताला कडक लागते. जास्त झालं तर कढईत सोडताच विरघळते. ताणाचंही काहीसं असंच दिसतं. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांना दोन डब्यांमधला योग्य डबा ओळखायला शिकवलं, चुकलं की विजेचा झटका. काम सोपं असताना जोराच्या झटक्यानं उंदीर लवकर शिकले. काम अवघड केलं तेव्हा मात्र जोराचा झटका आडवा आला, मध्यम झटकाच बरा ठरला. उंदरांवरून माणसांचे फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरं. पण घर झाडताना 'पाहुणे निघालेत' हा फोन उपयोगी पडतो आणि हिशेब जुळवताना तोच फोन चुका करवतो, हा अनुभव बहुतेकांचा असेल.

अनारशाला किती वेळ लागतो?

आता मूळ मुद्द्याकडे. त्यासाठी अनारसा घेऊ.

तांदूळ तीन दिवस भिजवायचे. रोज पाणी बदलायचं, नाहीतर आंबूस वास मारतो. चौथ्या दिवशी उपसून पंच्यावर सावलीत पसरायचे, पण पूर्ण वाळू द्यायचे नाहीत. हाताला दमट लागत असतानाच दळायचे, चाळायचे. पिठात किसलेला गूळ घालून घट्ट गोळा करायचा आणि डब्यात चार-पाच दिवस मुरू द्यायचा. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद तुपात सोडायचा. उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. जाळी पडली तर जिंकलात. गूळ जास्त झाला तर अनारसा तुपात पसरून फुटतो. त्याला आमच्याकडे 'अनारसा हसला' म्हणतात. करणाऱ्याला हसू येत नाही.

यात हाताचं काम किती? सगळं धरून दोन-अडीच तास. पण हा पदार्थ डोक्यात आठ-नऊ दिवस राहतो. पाणी बदललं का, पाऊस आला तर तांदूळ आत घ्यायचे, गिरणी रविवारी बंद असते, गोळा कोरडा तर पडला नाही ना. कामांच्या यादीत तो एक ओळ असतो, 'अनारसे'. डोक्यात मात्र तो रोज चार वेळा वॉचमनला फोन करतो.

अर्धवट कामं अशी टोचत राहतात, हे मानसशास्त्रात जुनं निरीक्षण आहे. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना मातीची आकृती करणं, कोडी सोडवणं अशी कामं दिली आणि काही कामं मध्येच तोडली. तोडलेली कामं लोकांना जास्त आठवली. नंतरच्या प्रयोगांत आठवणीचा हा भाग दर वेळी दिसला नाही. पण अर्धवट टाकलेलं काम पुन्हा हातात घ्यायची ओढ मात्र दिसत राहिली.

माझं म्हणणं एवढंच, की सणाच्या दिवसांत माणूस करण्यानं जेवढा दमतो त्याहून जास्त बघण्यानं दमतो. 'बघणं' म्हणजे आपण म्हणतो ना, 'ते मी बघते', ते बघणं. एकाच डोक्यात अशी पंधरा-वीस बघणी एका वेळी उघडी राहिली, की लगबगीची धांदल होते.

'अहो, पण मी मदत करतो की!'

हे वाक्य मी स्वतः दहा-बारा वर्षं म्हणत आलोय, म्हणून त्याच्याबद्दल जरा बोलायचा हक्क आहे.

अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेतल्या. २०१९ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात त्यांनी घरकामातल्या या अदृश्य भागाचे चार तुकडे केले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. निर्णय बहुधा दोघं मिळून घेत. पहिला आणि शेवटचा तुकडा मात्र बहुतेक घरांत बाईकडेच होता. आणि हे दोन तुकडेच कुणाला दिसत नाहीत.

आपल्याकडच्या दिसणाऱ्या कामाचा आकडाही पाहून ठेवू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. यात डोक्यातलं बघणं धरलेलंच नाही, ते घड्याळावर मोजायचं कसं?

'काय करू ते सांग' असं मी म्हणतो तेव्हा काम माझ्याकडे येतं, पण बघणं तिच्याकडेच राहतं. वर सांगायचं आणि झालं का ते विचारायचं, ही दोन कामं वाढतात. पिठाची गिरणी, किराणा, इस्त्रीचे कपडे अशा तीन ठिकाणी मी 'मदत' केली तरी तिच्या डोक्यातला एकही फोन बंद झालेला नसतो. मग मी म्हणतो, 'एवढं करतो तरी चिडचिड कशाची?'

एक साधी परीक्षा आहे. काम दिल्यावर ज्यानं दिलं तो ते विसरू शकतो का? विसरू शकत असेल तर काम खरोखर दिलं गेलं.

'आमच्या आईला नव्हता का ताण?'

होता. त्याला नाव वेगळं होतं. 'पित्त उठलंय', 'डोकं धरलंय', 'अंगात कणकण आहे'. आणि तुळशीच्या लग्नाच्या आसपास ती हमखास आजारी पडायची, हे आठवून पाहा.

१९९१ मध्ये शेल्डन कोहेन यांच्या गटानं ३९४ निरोगी लोकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले. ज्यांच्यावर आधीपासून ताण जास्त होता त्यांना सर्दी होण्याचं प्रमाण जास्त निघालं. अर्धशिशीच्या रुग्णांमध्येही एक चमत्कारिक गोष्ट दिसली आहे: झटका बऱ्याचदा ताण चढताना नाही, तो उतरताना येतो. सण संपला, पाहुणे गेले, आता जरा पडावं म्हटलं, की डोकं ठणकायला लागतं.

शिवाय आईच्या वेळी फराळाला शेजारच्या चार जणी यायच्या. आज करंज्या तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. त्यात करणं वाटलं जायचंच, पण 'मोहन पुरेसं आहे का गं' हे विचारायला कुणीतरी समोर बसलेलं असायचं. ते दिवस सोन्याचे होते असं म्हणायचं नाही. त्या चौघींत नको ती सासू-नणंदही असायची. पण बघणं एकटीचं नव्हतं.

'मग विकतचा आणा फराळ', हा दुसऱ्या टोकाचा सल्ला. जरूर आणा, त्यात पाप नाही, आणि कुणाची तरी दिवाळीही त्यावर चालते. फक्त तो कुठून आणायचा, किती, कधी सांगून ठेवायचा, हेही पुन्हा बघणंच. ते कोणाकडे, हा प्रश्न सुटत नाही.

कागद, श्वास आणि सातचा चहा

आता उपायांचं. फार नाहीत.

पहिला कागदाचा. मॅसिकँपो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत असं आढळलं, की अर्धवट काम डोक्यातून जायला ते पूर्णच व्हावं लागतं असं नाही. कधी, कुठे, कसं करायचं हे नेमकं ठरलं तरी मन बऱ्याच अंशी ते सोडून देतं. म्हणून 'चादरी' असं लिहून उपयोग नाही. 'शनिवारी सकाळी पाणी आल्यावर चादरी मशीनला, वाळत घालणार मोठा' असं लिहावं. हा कागद झोपण्याआधी लिहिला तर आणखी बरं. अमेरिकेत २०१८ मध्ये ५७ तरुणांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात, झोपताना पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिणारे, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले. नऊ मिनिटं म्हणजे फार नव्हे, पण कागद आणि पेन्सिल फुकट आहे.

श्वासाबद्दल लोक नाक मुरडतात. 'श्वास घेऊन तिकीट कन्फर्म होणार आहे का?' तिकीट नाही होणार, पण हृदयाचे ठोके खरोखर मंदावतात. श्वास आत घेताना ते किंचित वाढतात, सोडताना कमी होतात, आणि नाडीवर बोट ठेवून तुम्हीही हे ताडून पाहू शकता. म्हणून सोडण्याला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा. गॅससमोर उभं राहून दोन मिनिटं जमतं. डोळे मिटायचे नाहीत, कढई आहे.

चहाचं मात्र गुपचूप नुकसान होतं. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. सणाच्या कामात संध्याकाळी सातला घेतलेल्या कपातलं निम्मं रात्री बाराला जागंच असतं, आणि आपण मात्र म्हणतो, विचारांनी झोप लागत नाही.

आणि कमी करणं. दर वर्षी एक पदार्थ रजेवर पाठवायचा, हे आमच्याकडे आता चाललंय. गेल्या वर्षी चिरोटे होते. एकाही पाहुण्यानं विचारलं नाही.

कधी थांबून डॉक्टरांना दाखवावं

सणाचा ताण सणाबरोबर उतरायला हवा. दिवाळी होऊन दोन आठवडे उलटले तरी झोप, भूक, मन यांची घडी बसत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर तो सणाचा नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत मदतवाहिनी १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. स्वतःला संपवण्याचे विचार मनात येत असतील तर एक दिवसही थांबू नये. छातीत दुखणं, दम लागणं, डाव्या हाताला कळ येणं याला 'धावपळीमुळे असेल' म्हणून दिवाळीनंतरवर ढकलू नये, तडक दवाखाना गाठावा.

अनारसे माझ्याकडे

दोन वर्षांपूर्वी मी घोषणा केली, यंदा अनारसे माझ्याकडे. तांदूळ भिजवले. दुसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, 'अरे, पाणी बदललंस का?' मी बदललं नव्हतं. मग चौथ्या दिवशी विचारलं, 'उपसले का?' मुरवतानाही तिनंच दोनदा डबा उघडून पाहिला. अनारसे हसले ते हसलेच, पण मुख्य म्हणजे तिचं एकही बघणं कमी झालं नाही. उलट माझ्यावर लक्ष ठेवायचं आणखी एक वाढलं.

यंदा मी फोनवर रोज सकाळी सातचा गजर लावला, गिरणीवाल्याला विचारून घेतलं, आणि आईला फोन करून गुळाचं प्रमाण लिहून घेतलं. पहिल्या दिवशी बायकोनं विचारलं. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. तांदूळ पंच्यावर पसरून झाल्यावर मला राहवेना. मीच विचारलं, 'अगं, अनारशांचं लक्षात आहे ना तुझ्या?'

ती लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, 'कसले अनारसे?'